पेटीचा गंधार

आमच्या हिवरा आश्रमात, किंबहुना सबंध मेहकर तालुक्यात, पेटीवाचून भजन ही कल्पनाच कोणाला सहन व्हायची नाही. हरिनाम सप्ताह असो, काकडआरती असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, मृदंगाशेजारी पेटी हवीच. ती इतकी आपली झाली आहे की, ही मूळची पॅरिसची असे सांगितले तर ऐकणारा हसून मान हलवितो. पण इतिहास तसाच आहे. या परक्या सुनेला आपल्या घरात नांदताना जो सासुरवास सोसावा लागला त्याची कथा मोठी मनोरंजक आहे, आणि ती अजून संपलेली नाही. तिचे ताजे प्रकरण अलीकडे मला आमच्या शाळेच्या टेबलावर पाहावयास मिळाले.

अलेक्सांद्र देबँ या फ्रेंच कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारून वाजवावयाचे. आपले गवई तर मांडी घालून बसणारे! ही अडचण कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ओळखली आणि १८७५ च्या सुमारास मागे भाता असलेली हातपेटी तयार केली. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. पाश्चात्त्य वादक दोन्ही हातांनी अनेक स्वर एकदम वाजवितो. आपल्याला गळ्याच्या मागून एकेक स्वर द्यावयाचा, तेव्हा एक हात पुरेसा झाला.

महाराष्ट्रात तिला खरे माहेर मिळाले ते संगीत रंगभूमीवर. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कलावंत पेटीला लाभला. त्यांनीच १९११ साली ‘मानापमान’च्या पदांना चाली दिल्या. नाटकाची पदे गावोगाव गेली, आणि त्यांच्याबरोबर पेटीही गेली.

पण जाणत्यांचा तिच्यावर एक जुना राग होता. तो समजावयास फार शास्त्र नको; भौतिकशास्त्र मीही दहावीपुरतेच शिकलो आहे. षड्ज जर सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्याशी एकजीव होणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा. पंचम दीडपट, म्हणजे ३६०. पियानो आणि विलायती पेटी यांत मात्र सप्तकाचे बारा अगदी सारखे वाटे केलेले असतात, म्हणजे कोणत्याही पट्टीपासून गाणे सुरू करता यावे. या सोयीची किंमत गंधार भरतो. तो ३०२ च्याही थोडा वर जातो. पंचम जवळजवळ जागेवर राहतो, पण गंधार चढतो. आमच्या गावातील एक वयोवृद्ध भजनीबुवा आकडे न मांडता हेच सांगतात, “सर, पेटीचा गंधार जराक चढते बरं का!”

ही बोच नाहीशी करावयाचा पहिला मोठा खटाटोप आपल्याच मुलखात झाला, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. सरकारी चाकरी संपल्यावर गृहस्थ श्रुतींच्या मागे लागले. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर त्यांनी मोजून पाहिले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे आय. सी. एस. अधिकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांच्या हिशेबाप्रमाणे विलायतेहून बावीस श्रुतींची पेटी करवून आणली. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे या श्रुतिपेटीची परीक्षा झाली. पण विद्वानांनी ती काही पसंत केली नाही. आणि वापरण्याची अडचण होतीच. पितळेचा सूर एकदा तासून बसविला की तो बसला. गवयाने षड्ज बदलला की सारा हिशेब सरकावयास हवा, आणि पितळ तर सरकत नाही!

पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले. आक्षेप दोन होते. तिचे स्वर आपले नव्हेत, आणि तिच्यातून मींड निघत नाही. हा बहिष्कार सैल व्हावयास १९७१ साल उजाडले. सांगलीचे स्वप्न मात्र मेले नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात बावीस श्रुतींची पेटी पुन्हा सिद्ध केली.

आता शाळेच्या टेबलाकडे येतो. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला विजेवर चालणारा कीबोर्ड भेट दिला. पट्ट्या उत्तम, पण आवाज डब्यासारखा. तेव्हा तो शाळेच्या लॅपटॉपला जोडून त्यातल्या पियानोच्या प्रणालीतून आवाज काढावयाचे ठरले. कीबोर्डच्या मागे चौकोनी खाच असते. छपाईयंत्राला लागते तीच यूएसबीची वायर तिच्यात बसते, आणि चपटे टोक लॅपटॉपमध्ये. प्रणालीच्या सेटिंगमध्ये मिडी इनपुट म्हणून कीबोर्डाचे नाव निवडले, कीबोर्डाचा स्वतःचा आवाज शून्यावर आणला, आणि लॅपटॉपमधून भव्य पियानो बोलू लागला.

नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, या वायरीतून सूर जातो का?”

जात नाही, आणि खरी गंमत तीच आहे. पूर्वी आपण मनीऑर्डर करीत असू, तेव्हा आपण दिलेल्या नोटा काही प्रवास करीत नसत. फॉर्म जाई, आणि तिकडचा पोस्टमन दुसऱ्याच नोटा हाती ठेवी. वायरीतून तसाच फॉर्म जातो. मधल्या सप्तकाची पांढरी एक दाबली की ‘साठ’ हा आकडा जातो आणि ती किती जोराने दाबली याचा १ ते १२७ मधला दुसरा आकडा. नोटा, म्हणजे स्वर, द्यावयाच्या त्या संगणकाने. काही प्रणाली खऱ्या पियानोच्या प्रत्येक पट्टीचे ध्वनिमुद्रण साठवून ठेवतात. काही तारेचे कंपन गणितानेच उभे करतात.

ही आकड्यांची भाषा म्हणजे मिडी. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ हे धंद्यातले प्रतिस्पर्धी. पण दोघांनी पुढाकार घेतला, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका वायरीने जोडून वाजवून दाखविण्यात आली. ही भाषा त्यांनी कोणालाही फुकट वापरू दिली. म्हणून चाळीस वर्षांनंतरही ती जगभर चालते.

आमच्याकडे एक विघ्न आले. पट्टी दाबल्यावर आवाज जरा उशिरा येई, आणि ठेका चुके. दोष वायरीचा नव्हता. आकडे पोचावयास सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. संगणक ध्वनीचे घास साठवून मग देतो, तो घास मोठा होता. एएसआयओ नावाचा ड्रायव्हर घालून घास लहान केला, आणि बोट व सूर एकत्र आले.

मग मी भजनीबुवांना बोलावले. आता पट्टीने केवळ आकडा पाठवावयाचा; त्या आकड्याला कोणता स्वर द्यावा हे आपल्या हाती. पुष्कळ प्रणालींत स्वरांचे कोष्टक बदलता येते. सप्तकाचे १२०० भाग मानतात. त्यांतले चौदा गंधारातून उतरविले, षड्ज पांढरी एकवर ठेवला. दुसऱ्या षड्जावर गावयाचे तर कोष्टकाचा पाया तेवढा सरकवावयाचा, तासणी नाही की पितळ नाही. बुवांनी डोळे मिटले, षड्ज लावला, गंधारावर थांबले आणि म्हणाले, “हा बसला.”

देवलांनी ज्यासाठी पदरचे आयुष्य खर्चिले, ते आज खेड्यातल्या शाळेत एका वायरीने जमते. पहिला आक्षेप असा मिटला. पण दुसरा अजून उभा आहे. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधली वाट पट्टीला ठाऊक नाही. ती वाट गळ्यालाच ठाऊक. म्हणून आमच्या शाळेत नियम केला आहे, की मुलांनी स्वर आधी गाऊन दाखवावा आणि मग पट्टीला हात लावावा. कोष्टक कोणते निवडावे हे संगणक सांगत नाही. ते सांगणारा कान घरोघरी तयार व्हावयास हवा.