शस्त्राचा परवाना आणि नागरिकाचा मान

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या ज्ञातीतील अनेक घरांत जुनी तलवार, कट्यार किंवा भाल्याचे पाते बाहेर काढून, पुसून, त्यावर झेंडूची फुले वाहण्याची चाल आजही आहे. काही घरांत त्या शेजारी परवान्याची बंदूकही मांडली जाते. गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात ह्या पूजेचा विषय निघाला असता काही तरुण मंडळींनी असा प्रश्न केला की, ज्यांच्या पूर्वजांनी हत्याराच्या बळावर चाकरी केली, त्यांच्या वंशजांनी बंदुकीसाठी सरकारदारी अर्ज का करावा? शस्त्र हा आपला जन्मसिद्ध हक्क का मानू नये? प्रश्न प्रामाणिक होता. त्यास दोन शब्दांत वाटेस लावणे मला प्रशस्त वाटले नाही. शस्त्र आणि परवाना ह्यांचा आपल्या देशातील इतिहास समजून घेतल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात सांगत आहे.

इंग्रजी अंमल बसण्यापूर्वी शस्त्र ही केवळ राजवाड्यातील वस्तू नव्हती. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस जाई. गावचा रामोशी हत्यार बाळगूनच गावाची राखण करी. ह्या स्थितीस मोठा धक्का बसला तो १८५७ साली. उत्तरेत उठाव पेटताच सरकारने त्याच वर्षी शस्त्रास्त्रांसंबंधी कायदा केला आणि ठिकठिकाणी हत्यारे जमा करण्याचे हुकूम सुटले. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात हलगली नावाचे एक गाव होते. तेथील बेरडांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये हत्यारे देण्याचे साफ नाकारले. सरकारी फौज गावावर चालून गेली, गाव जाळले गेले आणि पुढाऱ्यांना फाशी देण्यात आले. हे लोक सरदार नव्हते की जहागीरदार नव्हते. हत्यार हीच त्यांची रोजी होती आणि हाच त्यांचा मान होता. आपल्या ज्ञातीच्या शौर्याच्या कथा सांगताना हलगलीच्या ह्या गरिबांचे स्मरण ठेवावे, असे मला वाटते.

पुढे लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ साली सर्व देशासाठी शस्त्रास्त्रांचा नवा कायदा झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षाचा. परवान्यावाचून बंदूक बाळगणे तर गुन्हा ठरलेच; परंतु तलवार किंवा भाला घेऊन हिंडणेही गुन्हा ठरले. एवढ्यावरच हे थांबते, तर त्यास निदान सर्वांस सारखा जाच म्हणता आले असते. परंतु नियमांनी काही वर्गांस ह्या कायद्यातून सूट दिली होती, आणि तीत युरोपियन लोक होते. हिंदी मनुष्य, मग तो कितीही सदाचारी असो, परवाना मागण्यास उभा राही; गोऱ्या मनुष्यास तो मागण्याची गरज नसे. आपल्या लोकांपैकी सूट मिळे ती संस्थानिक व मानाच्या पदव्या धारण करणारे अशा मोजक्यांना. शस्त्र कोणाच्या हाती असावे हे मनुष्याच्या वर्तनावरून नव्हे, तर त्याच्या जन्मावरून आणि सरकारदरबारी असलेल्या त्याच्या वजनावरून ठरू लागले. ह्या कायद्याचा खरा डंख येथे होता.

हा डंख सुशिक्षितांसही जाणवला. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनात ह्या कायद्यात सुधारणा करावी असा ठराव झाला. त्या वेळी तरुण असलेल्या बिपिनचंद्र पालांनी कायद्याविरुद्ध भाषण केले. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत असताना गांधीजींनी काढलेल्या पत्रकातही ह्या कायद्याचा उल्लेख आहे. इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत, सबंध राष्ट्रास निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहास सर्वांत काळा मानील, अशा आशयाचे उद्गार अहिंसेच्या ह्या उपासकाने काढले, हे विसरता येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतील वर्णभेद काढून टाकण्यात आला. तथापि अपमानाची आठवण गेली नाही. १९३१ साली सरदार वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली कराचीस जे अधिवेशन झाले, त्यातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकास हक्क राहील, असे कलम घातले गेले.

मग स्वराज्य आल्यावर हे कलम राज्यघटनेत का आले नाही? आपल्या तरुणांच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा चालू असता हरि विष्णु कामत ह्यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यांत घालावा अशी उपसूचना मांडली. कामत हे आय. सी. एस. ची नोकरी सोडून देशकार्यात पडलेले आणि सुभाषबाबूंचे सहकारी. त्यांनी आधार घेतला तो कराचीच्या ठरावाचाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा की, परक्या सत्तेने शस्त्र हिरावले असताना केलेली मागणी त्या काळी योग्य होती. आता परिस्थिती पालटली आहे. आता आग्रह धरावयाचा तो व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, तर राष्ट्रावर संकट आल्यास शस्त्र धरण्याच्या तिच्या कर्तव्याचा. शिवाय असा सरसकट हक्क दिला, तर चोर-दरोडेखोरही तो बजावू पाहतील. उपसूचना फेटाळली गेली. राज्यघटनेने नागरिकांस एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, ते शांततेने व विनाशस्त्र.

हे मत मांडणाऱ्या पुरुषाचा पूर्ववृत्तान्त ध्यानात घ्यावा. बाबासाहेबांचे वडील रामजी हे पलटणीत सुभेदार होते. असे असता १८९० नंतरच्या दशकात सरकारने 'लढाऊ जाती' ठरवून महार समाजाची सैन्यभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या लोकांस केवळ जातीवरून शस्त्रास नालायक ठरविण्यात आले. जन्मावरून शस्त्र देणे आणि जन्मावरून ते काढून घेणे ह्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एका ज्ञातीने उपजत हक्क म्हणून शस्त्र मागावे, तर दुसऱ्या ज्ञातीस ते उपजत नाकारण्याचे समर्थन आपोआप होते.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ साली संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवान्याची पद्धत त्याने ठेवली, परंतु तिचा आत्मा बदलला. तलवारीसारख्या हत्यारास सर्वत्र परवाना लागेल असे न ठेवता, सरकार राजपत्रात जो प्रदेश जाहीर करील तेवढ्यापुरता तो लागेल असे ठरले. पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद झाली. परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावीत आणि नाकारलेल्यास अपील करता यावे, असा नियम झाला. ह्या कायद्यातील एक पोटकलम मला फार मोलाचे वाटते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे चौदावे कलम सांगते. १८७८ मध्ये वजनदारांसाठी उघडलेले दार निदान कायद्यापुरते गरिबासही मोकळे झाले.

पुढे बंधने वाढली, तीही सर्वांस सारखी. १९८३ साली एका व्यक्तीस तीनपेक्षा अधिक बंदुका ठेवण्यास मनाई झाली. २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आली. त्याच दुरुस्तीने लग्न-समारंभात आनंदाच्या भरात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. वरातीत बंदूक मिरविण्याची हौस असलेल्यांनी हे लक्षात घ्यावे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, कोडगू म्हणजे कुर्गच्या लोकांस १८६१ पासून परवान्याची माफी आहे आणि २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढविण्यात आली. मग आपणांसच का नको? परंतु ती माफी मुळात १८५७ च्या उठावातील त्यांच्या राजनिष्ठेचे बक्षीस म्हणून इंग्रजांनी दिलेली आहे. हलगली जाळणाऱ्या सरकारने दुसरीकडे दिलेले बक्षीस आपण आपला आदर्श का करावे? दुसरा आक्षेप अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांच्या बोलण्यातून येतो. तेथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे आणि २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क ठरविला. हे खरे, परंतु त्याच न्यायालयाने तो अमर्याद नाही असेही सांगितले आहे, आणि त्याच्या सीमेविषयी त्या देशात वाद अद्याप मिटलेला नाही. त्यांचा इतिहास त्यांचा आहे. आपल्या घटनाकारांनी पूर्ण विचारान्ती वेगळी वाट धरली.

माझ्या लहानपणी आमच्या घरीही आजोबांच्या नावाची एक ठासणीची बंदूक होती. रानडुकरे भुईमुगात शिरत, तेव्हा ती बाहेर निघे. आजोबा गेल्यावर वडिलांनी ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. भाऊबंदांनी "घराण्याची शान घालविलीत" असे बोल लावले. वडील एवढेच म्हणाले, "राखण करणारा गेला, आता ती भिंतीवर ठेवून काय करायची?" शान आणि राखण ह्यांतील भेद मला त्या दिवशी समजला नव्हता. आज समजतो.

म्हणून तरुण मित्रांस माझे सांगणे असे की, खंडेनवमीस शस्त्रांची पूजा अवश्य करावी. ज्यास खरोखर गरज आहे त्याने परवान्याचा अर्जही करावा, आणि तो अन्यायाने नाकारला गेल्यास अपील करावे. तो नागरिकाचा मार्ग होय. परंतु अमक्या ज्ञातीचे म्हणून शस्त्र मागू नये. आपल्या पूर्वजांचा अपमान झाला तो शस्त्र गेले एवढ्यानेच झाला नाही. काहींना ठेवू दिले आणि काहींचे हिरावले, म्हणून झाला. तो अपमान धुऊन निघाला तो सर्वांस एकाच रांगेत उभे करणाऱ्या राज्यघटनेने. त्या रांगेत उभे राहण्यात आपल्या ज्ञातीस कमीपणा नाही, मान आहे.