श्रावणातले महाबळेश्वर

पावसाळ्यात महाबळेश्वराला जातो असे म्हटले, की घरची मंडळी प्रथम आपल्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहतात. तिकडे गेल्यावरही निराळा अनुभव येत नाही. ज्यांच्या घरी मी उतरलो, त्या आजोबांनी माझ्या ओल्या धोपटीकडे पाहून विचारले, “पाव्हणं, आत्ता काय बघायला आलासा? हितं ढगाबिगर काय दिसायचं न्हाई.”

खरेच दिसत नव्हते. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या सरळ कड्यावर आदळतो आणि साडेचार हजार फूट चढता चढता अंगातले सारे पाणी इथेच टाकून देतो. वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर, जुन्या हिशेबाने सव्वादोनशे इंचांवर! वीस किलोमीटरांवरच्या पाचगणीला याच्या निम्म्याहूनही कमी पडतो आणि खाली वाईला तर त्याचा लहानसा अंश. पूर्वी पावसाआधी इथल्या बंगल्यांना गवताच्या ताट्या बांधून झाकून टाकत. आता त्या जागी प्लॅस्टिकचे कापड आले, पण बाजारपेठेचे बुरखा घेतलेले रूप तेच. आताशा दोन दिवसांची हौशी मंडळी पावसातही येतात म्हणा. पण मधल्या वारी रस्त्यावर मी आणि एक म्हैस, एवढेच होतो.

इंग्रजांना हा पाऊस मानवला नाही. जूनच्या मध्याला गव्हर्नरसाहेबांचे बिऱ्हाड उठले, की मागोमाग सारा लवाजमा घाट उतरे. ज्या गावाचा इतिहास असा वर्षातून चार महिने गावाबाहेर राहतो, त्याच्याविषयी मला नेहमी थोडी शंका वाटते. म्हणून तर मी श्रावण निवडला.

छापील इतिहास थोडक्यात असा : १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी डोंगर चढून आला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना जागा आवडली. १८२९ मध्ये त्यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला, वाईकडचे खंडाळा गाव देऊन हे पठार घेतले, आणि नव्या वस्तीला माल्कम पेठ म्हणू लागले. त्याच प्रतापसिंहांना कंपनी सरकारने दहा वर्षांनी, १८३९ साली, गादीवरून काढून काशीला धाडले, हे मात्र सहलीच्या माहितीपत्रकात सहसा नसते.

पण साहेब यायच्या आधी इथे काय रान होते? क्षेत्र महाबळेश्वर होते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री यांचे उगम मानलेले पंचगंगेचे देऊळ होते. १६६५ साली सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजीमहाराजांनी जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री. तांबड्या जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे धावड होते. धनगर होते, कोळी होते. आणि प्रत्येक टेकाडाला नाव होते. विल्सन पॉइंट हा सिंदोळा, केट्स पॉइंट ही नाकेखिंड. आजोबांच्या तोंडी अजून ‘सिंदोळा’च येते, विल्सन कोण ते त्यांना ठाऊक नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही.

आता ज्यांच्यासाठी मी मुद्दाम चिखल तुडवला त्यांच्याकडे वळतो. १८३४ च्या सुमारास इथे एक तुरुंग उघडला आणि त्यात चिनी व मलायी कैदी आणून ठेवले. मलाक्काच्या सामुद्रधुनीवरच्या इंग्रजी वसाहतींतून, म्हणजे पेनांग, सिंगापूरच्या बाजूने, ही माणसे आली होती. गंमत अशी, की त्याच काळात हिंदुस्थानातले कैदी जहाजांनी तिकडे जात होते. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज चर्च त्यांच्याच श्रमाने उभे राहिले. तिकडचे इकडे, इकडचे तिकडे! आपल्या मुलखात माणूस पळून जाऊ शकतो. परक्या डोंगरात कुठे पळणार?

या कैद्यांनी इथले रस्ते खणले, बटाटा आणि साहेबी भाज्यांचे मळे पिकवले, वेताच्या टोपल्या विणल्या. आजही पेठेत वेताच्या वस्तू विकायला असतात. त्या घेताना भावाची घासाघीस आपण मनसोक्त करतो. १८६४ साली तुरुंग बंद झाला. त्या माणसांपैकी एकाचेही नाव कुठल्या फलकावर मी पाहिले नाही. सर सिडनी बेकविथ हे सेनापती १८३१ साली इथे वारले, त्यांचे स्मारक मात्र उभे आहे.

त्या कैद्यांची एक खूण उरली आहे. कोयनेच्या खोऱ्याकडे, त्यांच्या जुन्या मळ्यांजवळ, एक धबधबा आहे. त्याला ‘चायनामन’ म्हणतात. गव्हर्नरांच्या नावाचे पॉइंट हंगामात, स्वच्छ उन्हात पाहायचे. हा धबधबा उन्हाळ्यात जेमतेम ओघळतो. त्याला भर पावसातच गाठले पाहिजे.

आजोबांचा नातू डोक्यावर इरले घेऊन वाट दाखवायला आला. धुक्यामुळे पाणी आधी ऐकू आले. मग वारा वळला, ढग फाटला, आणि क्षणभर सारी धार वरपासून खालपर्यंत दिसली.

“चायनामन म्हंजे कोण हो?” पोराने विचारले.

मी त्याला सांगत होतो तोवर धुके पुन्हा मिटले. मग परतीच्या वाटेवर, पायांच्या जळवा काढत काढत, उरलेले सांगितले.