आयफ्ली रोडवरचे तिघे

मैलभर अंतर चार मिनिटांच्या आत धावणं माणसाला अशक्य आहे असं डॉक्टर सांगत होते, रॉजर बॅनिस्टरने ते मानलं नाही, आणि त्याने करून दाखवताच भराभर इतरांनाही जमू लागलं: हा किस्सा व्यक्तिमत्त्व विकासाच्या मराठी व्याख्यानांतही हटकून येतो. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या आयफ्ली रोड मैदानावर बॅनिस्टरने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला, एवढं निर्विवाद आहे. पण दंतकथेला त्यात एक एकांडा हौशी विद्यार्थी हवा असतो, वैद्यकीचा अभ्यास सांभाळून दुपारच्या सुट्टीत पळणारा आणि निव्वळ मनोबलावर जिंकणारा. माझ्या मते हा विक्रम मनोबलाइतकाच आखणीचा आणि सोबतीचा होता, आणि तो इतका लांबला याला धावपटूंच्या मनातल्या धास्तीपेक्षा युद्ध आणि हौशीपणाचे नियम जास्त कारणीभूत होते.

१९३७ साली सिडनी वूडरसनने ४ मिनिटे ६.४ सेकंदांचा विक्रम केला. पुढे युद्धात बहुतेक युरोप होरपळत असताना तटस्थ स्वीडनमध्ये गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन एकमेकांचे विक्रम मोडत राहिले, आणि जुलै १९४५ मध्ये हेगने वेळ ४ मिनिटे १.४ सेकंदांवर आणली. तीन वर्षांत पाच सेकंद कमी झाले होते, आता दीडच सेकंद उरलं होतं. ज्यांना एखादी मर्यादा अशक्य वाटते ती माणसं तिच्याकडे अशी झेपावत नाहीत. पण धावण्याचे पैसे घेतल्याच्या कारणावरून दोघांवर बंदी आली आणि हेगचा विक्रम जवळपास नऊ वर्षं तसाच राहिला. बंदी नसती तर त्यांनी चार मिनिटं गाठलीच असती, हे सिद्ध करता येणार नाही. तरी सर्वांत जवळ पोहोचलेल्या दोघांना नियमाने बाहेर काढलं, ही गोष्ट प्रेरणेच्या कथेतून पार गाळली जाते, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे.

सोबतीचा मुद्दा जून १९५३ मधल्या एका प्रयत्नात उघड दिसतो. मॉट्स्पर पार्कवर शालेय स्पर्धांच्या मध्येच एक शर्यत घुसवली गेली. डॉन मॅकमिलनने सुरुवातीला वेग दिला. क्रिस ब्रॅशर मुद्दाम रेंगाळत एक फेरी मागे राहिला आणि बॅनिस्टर जवळ येताच त्याच्यापुढे पळू लागला. वेळ आली ४ मिनिटे २ सेकंद, पण ब्रिटिश संघटनेने ती मान्य केली नाही. पुढच्या हिवाळ्यात बॅनिस्टर, ब्रॅशर आणि क्रिस चॅटवे हे ऑस्ट्रियन प्रशिक्षक फ्रान्झ स्टॅम्फल यांच्या सल्ल्याने सराव करू लागले: पाव मैलाच्या दहा धावा, प्रत्येकीनंतर थोडी विश्रांती. वेळ ६१ सेकंदांवर अडली तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर स्कॉटलंडच्या डोंगरांत गेले, परतल्यावर ५९ सेकंद जमले. आयफ्ली रोडवर पहिल्या फेरीत बॅनिस्टर मागून 'अजून जोरात' म्हणून ओरडला. ब्रॅशरने ऐकलं नाही, ठरलेला वेग धरून ठेवला, आणि तेच बरं झालं. पुढे चॅटवेने सूत्रं घेतली. पाऊण मैल ३ मिनिटे ०.५ सेकंदांत झाला, शेवटच्या फेरीत बॅनिस्टरला ५८.९ सेकंद लागले.

यावर कोणी म्हणेल, मग बॅनिस्टरचं श्रेय उरलं किती? पुष्कळ उरलं. शेवटचे सुमारे तीनशे यार्ड त्याच्यापुढे कोणी नव्हतं, आणि त्या वेगाने तिथवर पोहोचून आणखी जोर लावणं त्या दिवशी त्या मैदानावर दुसऱ्या कोणालाही जमलं नसतं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मनाचा अडसर नव्हता तर त्याच्यानंतर इतरांनाही लगेच कसं जमलं? मुळात लगेच जमलेलं नाही. १९५४ च्या उरलेल्या महिन्यांत ही रेषा ओलांडणारा दुसरा एकच धावपटू होता, ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी, आणि तो डिसेंबर १९५२ मध्येच ४ मिनिटे २.१ सेकंदांपर्यंत आला होता. बॅनिस्टरनंतर ४६ दिवसांनी फिनलंडमधल्या तुर्कू इथे त्याने ३ मिनिटे ५८ सेकंदांचा नवा विक्रम केला. त्याआधी मायदेशात तो बहुधा एकट्यानेच पुढे पळत असे, पाठीवर येणारा कोणी नसे. तुर्कूत मात्र शेवटच्या फेरीपर्यंत त्याच्या मागे चिकटून राहिलेला एक धावपटू होता: क्रिस चॅटवे.