मराठवाड्यातील अभ्यासाची परंपरा

मुलास अभ्यासाची सवय कशी लावावी, हा प्रश्न पुष्कळ आईबापांस केवळ आपल्या घरापुरता वाटतो. मुलगा आळशी आहे, सोबती वाईट आहेत, मास्तर कडक नाहीत, अशी नाना कारणे शोधली जातात. परंतु मराठवाड्याच्या गेल्या शंभर वर्षांकडे पाहिले असता, ही सवय एकट्या मुलाच्या निश्चयातून क्वचितच उपजते, ती भोवतालच्या संगतीतून लागते, असे आढळून येईल.

निजामी राजवटीत नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्याची पहिली अडचण भाषेची होती. घरी मराठी, आणि वरच्या वर्गांत उर्दू. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याचेही माध्यम उर्दूच. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे; तथापि मराठी खेड्यातील मुलास ती भाषा परकीच होती. धडा ज्यास उमगत नाही तो घोकंपट्टी करतो, आणि घोकंपट्टीलाच अभ्यास समजू लागतो.

ह्या स्थितीस उत्तर म्हणून हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली. १९२९ मध्ये तेथे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढील काळातील स्वामी रामानंद तीर्थ, अध्यापनासाठी आले. तेथे गुरुजी विद्यार्थ्यांतच राहत. शिकविणारा स्वतः वाचतो, कष्ट करतो, हे मुलांस रोज दिसे. पुढे हेच कार्य अंबेजोगाईस योगेश्वरी विद्यालयात चालले. संस्थान मुक्त झाल्यावर १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले, त्यामागेही स्वामीजींचीच प्रेरणा होती.

लातूरची कीर्ती त्यानंतरची. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडला गेलेला 'लातूर पॅटर्न' म्हणजे जादा तास, वारंवार सराव परीक्षा आणि विद्यार्थ्यावर शिक्षकाची सतत नजर. खेड्यातील मुलांस वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे ह्या पद्धतीने खुली केली. तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र तिच्यातील परीक्षा तेवढी उचलून शिक्षकाची आस्था मागे ठेवली, तर हाती उरतो तो केवळ धाक. आणि परीक्षा सरली की धाकही सरतो.

नरहर कुरुंदकरांचे उदाहरण ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. इंटरच्या परीक्षेत त्यांस वारंवार अपयश आले. परंतु हैदराबादेस मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर ह्यांच्या विद्याव्यासंगी घरात त्यांचे वाचन अखंड चालले होते. पुढे एम. ए. होऊन ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व अखेरीस प्राचार्य झाले. १९८२ साली निधन होईपर्यंत साऱ्या महाराष्ट्राने त्यांचा व्यासंग पाहिला. गुणपत्रिका ज्याची साक्ष देत नव्हती, तो अभ्यास त्या घराने जोपासला होता.

नापास व्हावे, असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. गुण हवेतच. परंतु मुलास लातुरास खोली घेऊन देणाऱ्या, शिकवणीचे शुल्क भरणाऱ्या पालकांनी एक गोष्ट स्वतःस विचारावी: संध्याकाळी आपल्या घरात वडील माणसांपैकी कोणाच्या हाती पुस्तक असते काय? मुलास समजेल अशा भाषेत त्याच्याशी धड्याविषयी कोणी बोलते काय? हिप्परग्याच्या शाळेजवळ पैसा नव्हता, सरकारी आश्रय नव्हता. पण ह्या दोन्ही गोष्टी होत्या. त्या पुरविण्यास आजही फारसा खर्च पडत नाही. मात्र त्यासाठी आपला थोडा वेळ मोडावा लागतो.