माळरान म्हणजे रिकामी जमीन नव्हे! कुरणाची तब्येत कशी ओळखायची?

मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगावात आरे दूध वसाहत उभी राहिली. म्हशींच्या ओल्या चाऱ्यासाठी तिथे पॅरा गवत लावलं गेलं. वाळलेलं गवत मात्र ठाणे-पालघरच्या माळांवरून मुंबईत यायचं. या गवताला किती मोल होतं? १९४५ च्या वारली मजुरांच्या संपात ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी, ही प्रमुख मागणी होती.

तरीही असे माळ सरकारी नोंदींत अनेकदा ‘पडीक’ ठरतात. मग तिथे नांगर फिरतो, प्लॉट पडतात किंवा दाट झाडं लावली जातात. सावलीत गवत मरतं आणि चारा विकत आणावा लागतो.

कायमस्वरूपी कुरण म्हणजे काय?

जिथे दरवर्षी नांगरट-पेरणी होत नाही आणि जुन्याच मुळांतून गवत फुटतं, ते कायमस्वरूपी कुरण. ही मुळं माती धरून ठेवतात आणि पाणी मुरवतात.

तब्येत कशी तपासायची?

• गवत कोणतं? मारवेल, पवना अशी बहुवर्षायू गवतं जास्त असतील तर कुरण चांगलं. सगळीकडे कुसळीच दिसत असेल तर चराई जास्त झाल्याची शक्यता आहे. तिची टोकदार कुसळं जनावरांच्या तोंडाला टोचतात.

• जमीन उघडी किती? गवताच्या ठोंबांमधली मोकळी जागा दरवर्षी वाढत असेल, तर माती वाहून जाते आहे.

• घुसखोर आहेत का? घाणेरी आणि रानमोडी पसरली की चारा घटतो.

• चारा किती? पावसाळा संपताना चार-पाच ठिकाणी १ चौरस मीटरमधलं गवत कापा, वाळवा, वजन करा आणि सरासरी काढा.

हिशोब कसा करायचा?

समजा, सरासरी २०० ग्रॅम आली. म्हणजे एकरी साधारण ८०० किलो वाळलेला चारा. तो सगळा वापरायचा नाही. ‘निम्मं जनावरांना, निम्मं जमिनीला’ हा सोपा नियम. उरले ४०० किलो. ३०० किलो वजनाची गाय दिवसाला साधारण साडेसात किलो सुका चारा खाते. म्हणजे या एका एकरावर एका गायीचे जेमतेम ५३ दिवस निघतात. जनावरं किती ठेवायची, हे इथून ठरतं.

कुरण टिकवायचं कसं?

कुरणाचे तीन-चार भाग करा आणि आळीपाळीने चारा. दरवर्षी एक भाग बी पडेपर्यंत बंद ठेवा. गवत फुलोऱ्यात असतानाच कापा. बी झडल्यावर त्यातलं पोषण घटतं. कापताना जमिनीपासून ८-१० सेंटीमीटर बुडखा ठेवा. घाणेरी मुळासकट काढा. विरळ जागी मारवेलचे ठोंब किंवा स्टायलोचं बी लावा. वणवा लागू नये म्हणून कडेने जाळपट्टा काढा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. आपल्याकडे सुरुवात एका साध्या दुरुस्तीने होऊ शकते: ज्या माळावर गुरं जगतात, त्याला ‘पडीक’ म्हणणं थांबवायचं.