औषध देता येते, पण समजावता येते का?

वर्धा-नागपूर रस्त्यावरचे केळझर टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे अनेकांना ठाऊक आहे. समजा, या गावातील एका आजींना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या मिळाल्या. या आजारात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले, तर अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती मंदावते आणि जीवही जाऊ शकतो. चिठ्ठी बरोबर, गोळी बरोबर. तरीही 'आठवड्यातून एकदा' हे आजींना उमगले का, यावर सारे अवलंबून. ते समजावण्याचे कौशल्य विद्यार्थ्याला कसे शिकवायचे आणि कसे तपासायचे? या प्रश्नाला बराच इतिहास आहे.

जुन्या दवाखान्यातला कंपाउंडर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मिक्श्चर बाटलीत भरायचे आणि डोसांच्या खुणांसाठी बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची, ही विद्या तो उमेदवारी करून शिके. बनारस हिंदू विश्वविद्यालयात महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी १९३२ साली हा विषय विद्यापीठात आला. १९४८ च्या फार्मसी कायद्याने पहिली नोंदवही करताना पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्या कंपाउंडरांनाही जागा दिली. कौशल्याचा पुरावा म्हणजे कामाची वर्षे! पदवीच्या परीक्षेत पुढे अचूक वजन-माप आणि नीट मिश्रण यांना गुण मिळू लागले. मात्र गोळ्या कारखान्यात होऊ लागल्या आणि दुकानातले 'बनवणे' सरले. मराठीत 'औषधनिर्माता' हा शब्द तेवढा राहिला.

मग या माणसाचे काम काय? १९६६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णालयात नवव्या मजल्यावर औषधतज्ज्ञांना वॉर्डातच बसवण्यात आले. डॉक्टर आणि परिचारिकांसोबत ते रुग्णाच्या औषधोपचारात लक्ष घालू लागले. क्लिनिकल फार्मसीच्या इतिहासात हा प्रयोग महत्त्वाचा मानतात.

शिकवणे बदलले, तशी परीक्षाही बदलावी लागली. एक परीक्षक, एक रुग्ण या पद्धतीत नशिबाचा भाग मोठा. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून परीक्षेसाठी उभे केले. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली वेगवेगळ्या टेबलांची परीक्षा मांडली. प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटे, एक काम आणि गुणांची आधी ठरवलेली यादी. ही पद्धत वैद्यकातून फार्मसीत आली. उदाहरणार्थ, दम्याचा पंप शिकवण्याचे टेबल घ्या. पंप हलवायला सांगितले का? आधी श्वास सोडायला? दाबतानाच सावकाश आत ओढायला? मग सुमारे दहा सेकंद रोखायला? परीक्षक एकेका मुद्द्यावर खूण करतो.

आपल्याकडे पदविकेच्या १९९१ च्या नियमांत रुग्णालयीन व क्लिनिकल फार्मसी हा विषय होता, शिवाय ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. त्यातील किमान २५० तास चिठ्ठीनुसार औषध देण्याचे. २००८ साली सहा वर्षांचा 'फार्म. डी.' अभ्यासक्रम आला. त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयातच काढायचे असते.

पण तासांची नोंद म्हणजे कौशल्य नव्हे. ती कंपाउंडरच्या पाच वर्षांसारखीच. यादीलाही मर्यादा आहे. विद्यार्थी सारे मुद्दे घडाघडा म्हणेल, पूर्ण गुण घेईल आणि आजींना काहीच कळलेले नसेल. म्हणून शेवटी आजींनाच विचारायला हवे, "आता तुम्ही सांगा, गोळी कधी घ्यायची?" उत्तर चुकले, तर ती चूक सांगणाऱ्याची.

आणखी एक गोष्ट वर्धा जिल्ह्यानेच दाखवली आहे. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला स्थापन केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. ते विद्यार्थी डॉक्टर होणारे असले, तरी धडा सर्वांनाच लागू आहे. गोळी घरात कुठे ठेवली जाते, वेळेची आठवण कोण करते, चिठ्ठी कोण वाचते, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. एक विद्यार्थी जलसंजीवनीचे पाकीट कसे वापरावे ते सांगेल: पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट, अर्धे नव्हे. दुसरा निरक्षर आई होईल, तिसरा यादीवर खुणा करील. मग 'आई'ने ते परत सांगावे. यादीचे गुण आणि आईचे उत्तर शेजारी-शेजारी लिहा. त्या दोहोंत पडणारे अंतर आपल्या नेहमीच्या परीक्षांबद्दलही बरेच सांगून जाईल.