श्रेबरचा खटला आणि भ्रांतीची संकल्पना

पश्चिमेच्या तत्त्वचिंतनात भ्रांतीचा विचार दीर्घकाळ ज्ञानशास्त्राच्या चौकटीत होत आला आहे. १६९० सालच्या मानवी आकलनावरील निबंधात लॉकने वेड्याची तर्कशक्ती शाबूत मानली. काही कल्पनांची चुकीची सांगड तो घालतो, तिलाच सत्य मानतो आणि मग तीवरून योग्य रीतीने निष्कर्ष काढत जातो, असे त्याचे प्रतिपादन होते. ह्या परंपरेत भ्रांती म्हणजे एक खोटा विश्वास. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या निदानपुस्तिकेतही हीच व्याख्या होती. २०१३ च्या आवृत्तीतील मुख्य विवेचनात विरोधी पुराव्याने न बदलणारा दृढ विश्वास, असे तिचे वर्णन आले. 'खोटा' हे विशेषण मागे पडले. 'विश्वास' हे नाम मात्र टिकून राहिले. ते नाम कितपत योग्य आहे, हा प्रश्न एका जर्मन न्यायाधीशाच्या आत्मकथनाने आणि त्याच्या खटल्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच उपस्थित केला होता.

दानिएल पाउल श्रेबर ह्याचा जन्म १८४२ साली लाइपझिग येथे झाला. १८९३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात एका पीठाचा अध्यक्ष म्हणून त्याची नेमणूक झाली आणि काही आठवड्यांतच तो मनोरुग्णालयात दाखल झाला. लाइपझिगमध्ये फ्लेक्सिगच्या देखरेखीखाली आणि पुढे १९०२ पर्यंत झोननश्टाइन येथे त्याचे वास्तव्य होते. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्याने आपले विश्व तपशीलवार मांडले. ईश्वर किरणांच्या द्वारे आपल्या मज्जातंतूंशी संबंध ठेवतो. 'आत्महत्या' नव्हे, तर एका आत्म्याने दुसऱ्या आत्म्याचा केलेला 'आत्मवध' आपल्यावर गुदरला आहे. स्त्रीदेहात रूपांतर होऊन नवी मानवजात आपल्यापासून जन्मणार आहे, अशी त्याची श्रद्धा होती. पाठ केलेली वाक्ये अर्थ न कळता उच्चारणारे आणि ध्वनिसाम्य असलेल्या शब्दांनी फसणारे पक्षीही ह्या विश्वात आहेत.

भारतीय दर्शनांतील रज्जुसर्पाचा दृष्टांत येथे आठवणे स्वाभाविक आहे. दोराचे ज्ञान होताच साप नाहीसा होतो, म्हणजेच भ्रमाचा बाध होतो, हे त्या दृष्टांताचे मर्म. श्रेबरच्या बाबतीत मात्र दोर दिसतो आणि सापही राहतो. भोवतालची माणसे क्षणापुरती निर्माण केलेली आहेत, असे त्याला एके काळी वाटत असे. पूर्वीइतकीच खरीखुरी माणसे जगात आहेत, हे त्याने पुढे मान्य केले. परंतु बाहेरून सारे पूर्ववत असले तरी आतून मोठे स्थित्यंतर घडले आहे, ही धारणा त्याने सोडली नाही. पुरावा स्वीकारला गेला, आणि तरी भ्रांतीला धक्का लागला नाही.

ह्याच गुंतागुंतीवर त्याचे स्वातंत्र्य अवलंबून होते. १९०० च्या मार्चमध्ये त्याला कायद्याने अक्षम ठरविण्यात आले. त्याच वर्षी अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेनुसार त्यासाठी मनोविकार पुरेसा नव्हता. त्या विकारामुळे स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत, हेही सिद्ध व्हावे लागे. रुग्णालयाचा संचालक वेबर ह्याच्या अहवालांत भ्रांतींचे वर्णन होते. शिवाय संचालकाच्या कुटुंबाबरोबर भोजन करणाऱ्या, स्मरणशक्ती उत्तम असलेल्या आणि सभ्यतेने संभाषण करणाऱ्या गृहस्थाचेही होते. श्रेबरने ह्या दुहेरी साक्षीचा लाभ घेतला. आपल्या तथाकथित भ्रांतींचा विषय केवळ ईश्वर आणि परलोक हा आहे, ऐहिक व्यवहारांशी त्यांचा संबंध नाही, असा युक्तिवाद त्याने केला. १४ जुलै १९०२ रोजी, ज्या न्यायालयाचा तो एके काळी पीठाध्यक्ष होता, त्याच न्यायालयाने अक्षमतेचा आदेश रद्द केला. त्याला निरोगी ठरविण्यात आले नव्हते. आजार आणि अक्षमता ह्या दोन गोष्टी वेगळ्या करण्यात आल्या होत्या.

१९११ साली ब्लॉयलरने स्किझोफ्रेनियावरील आपल्या ग्रंथात अशा अवस्थेसाठी दुहेरी हिशेबवहीची उपमा वापरली. स्वतःला सम्राट समजणारा रुग्ण इस्पितळातील हलकी कामे निमूटपणे करतो. दोन वास्तवांच्या दोन वह्या तो शेजारी शेजारी ठेवतो. मात्र ही उपमाही अपुरी पडते. आत्मकथन छापण्याचा श्रेबरचा आग्रह भ्रांतीतूनच आलेला होता आणि दागिन्यांसारख्या वस्तूंवर किरकोळ खर्च होतो, ही कबुली त्याने स्वतःच दिली होती. एका वहीतील नोंदी दुसरीत उतरत होत्या. त्यामुळे भ्रांतीला सामान्य विश्वास म्हणता येत नाही, तसे आचरणाशी असंबद्ध असे निव्वळ कल्पनारंजनही म्हणता येत नाही.

श्रेबरच्या पुढील वाचकांनी हा मधला प्रदेश फारसा धुंडाळला नाही. १९११ सालीच फ्रॉइडने, रुग्णाला कधीही न भेटता, केवळ ग्रंथाच्या आधारे त्याचे विश्लेषण केले. भ्रांती ही आजाराची परिणती नसून कोसळलेले जग पुन्हा उभारण्याचा प्रयत्न आहे, हे त्याचे सूत्र मौलिक आहे; परंतु प्रत्येक विधानामागे दडपलेली कामप्रेरणा शोधताना विधान करणारा मनुष्य मागे पडला. १९१३ मध्ये यास्पर्सने नेमकी उलट दिशा धरली. खोटेपणा हे भ्रांतीचे बाह्य लक्षण आहे, तिच्या मुळाशी अर्थानुभवाचेच परिवर्तन असते, हे त्याने ओळखले; तथापि मूळ भ्रांती समानुभूतीला अगम्य ठरवून त्याने वाचनाची वाटच बंद केली. १९६० मध्ये कानेट्टीला ह्याच ग्रंथात सत्तापिपासेचा नमुना दिसला. अर्थाचा अतिरेक असो वा अर्थाचा अभाव, दोन्हीकडे श्रेबर साक्षीदार ठरला, प्रतिवादी ठरला नाही.

१९९४ मध्ये लुइस सासने विट्गेन्श्टाइनच्या आधारे सुचविलेला मार्ग म्हणूनच महत्त्वाचा आहे. श्रेबरची बरीचशी विधाने सर्वांना समान असलेल्या जगाविषयीची नाहीत. एकाकी जाणिवेला तिचे स्वतःचे विश्व जसे प्रतीत होते, त्याविषयीची ती आहेत, असे सास म्हणतो. विधान खरे की खोटे, ह्या प्रश्नाच्या आधी ते कोणत्या प्रकारचे विधान आहे, हा प्रश्न येतो. साहित्याच्या अभ्यासकाला हा क्रम अपरिचित नाही.

तथापि ह्या साम्यावरून वेडाला प्रतिभेचे रूप देण्याचा मोह टाळावयास हवा. १९०७ साली श्रेबरचा आजार पुन्हा उलटला आणि १९११ मध्ये लाइपझिगजवळच्या मनोरुग्णालयातच त्याचा मृत्यू झाला. ग्रंथाचे तिसरे प्रकरण छपाईपूर्वीच गाळले गेले होते. कवी आपल्या कल्पनेतून बाहेर येऊ शकतो. श्रेबरला तो मार्ग मोकळा नव्हता. त्याला काही काळ मोकळे होते ते केवळ बोलणे आणि युक्तिवाद करणे. १९०२ च्या निकालाने त्याच्या ईश्वराला मान्यता दिली नाही. त्याच्या युक्तिवादाला मात्र युक्तिवाद म्हणून उत्तर दिले. भ्रांतीच्या कोणत्याही सिद्धांताला आणि भ्रांत संहितेच्या कोणत्याही वाचनाला निदान हा किमान निकष लावावयास हवा.